एकटोचबाई आणि शंभरातली बासष्ट मुलं

तिला सगळे एकटोचबाई म्हणायचे आणि ती ते नाव पदवीसारखं मिरवायची. आरोग्य केंद्रात वीस वर्षं रक्त काढलं, पण एकाही माणसाला दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ आली नाही, असं तिचं म्हणणं. तोंडाचं मात्र तसं नव्हतं. तोंडानं ती एकेका माणसाला दहादा टोचायची.

साथ ओसरल्यावर वरून हुकूम आला की, या भागातल्या किती मुलांना हा आजार होऊन गेला ते रक्त तपासून सांगा. केंद्राचे मोठे डॉक्टर हसले. मुलांना हा आजार होतच नाही, असं ते वर्षभर सभांतून सांगत आले होते. अहवालही त्यांनी आधीच लिहून ठेवला, फक्त आकड्याची जागा मोकळी सोडली. बाजारात तुरी म्हणतात, ते हेच.

शाळेच्या एका वर्गात बाकं सरकवून टेबल मांडलं. अर्ज भरायचं कामही एकटोचबाईकडेच होतं. अर्जात एक प्रश्न होता: मुलाला वर्षभरात सर्दी, ताप, खोकला झाला का? एकजात सगळ्या आया म्हणाल्या, छे, साधी शिंकसुद्धा नाही. नाक ओढणाऱ्या पोराला पदराआड लपवून म्हणाल्या. एकटोचबाई 'नाही'वर खूण करायची आणि संध्याकाळी नवऱ्यापुढे त्यांच्या नकला करायची. पोराला काही झालं होतं म्हटलं तर जसं काही यांचं नाकच कापलं जाणार होतं!

दुसऱ्या दिवशी मुलं कमी पडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आपापल्या घरची आणा. एकटोचबाईनं आपल्या आठ वर्षांच्या लेकीला आणलं, एका टोचीत रक्त काढलं आणि त्या प्रश्नापुढे क्षणभरही विचार न करता 'नाही' लिहिलं.

रांगेत तिची धाकटी जाऊही होती, मुलाचा हात धरून. दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं. साथीत सासूबाई पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या, पण धाप कायमची मागे लागली. हे घरात आणलं कुणी, याचा निकाल एकटोचबाईनं त्याच आठवड्यात लावून टाकला होता. धाकटीचं पोर आदल्या रविवारी येऊन आजीच्या कुशीत लोळलं होतं आणि खोकतही होतं. मग आणखी पुरावा कशाला हवा? "तुझ्यामुळे आजी आजारी पडली," असं तिनं त्या सहा वर्षांच्या जिवाला तोंडावर सांगितलं आणि दार बंद केलं, ते बंदच. सासूबाई रोज नातवाची आठवण काढायच्या. सून रोज ऐकलं न ऐकल्यासारखं करायची.

अर्जातल्या प्रश्नाला जावेनं खरं उत्तर दिलं. तीन दिवस खोकला होता म्हणाली. एकटोचबाईनं 'हो'वर खूण केली आणि खाली दोनदा रेघ ओढली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. शंभरातल्या बासष्ट मुलांना लागण होऊन गेली होती. डॉक्टरांनी जुना अहवाल गुपचूप फाडला आणि दुसऱ्या दिवसापासून 'मी तर आधीपासून सांगत होतो' सुरू केलं. कोडगेपणाला औषध नसतं, डॉक्टरांकडेही नसतं.

घरोघर चिठ्ठ्या वाटायचं काम अर्थात एकटोचबाईकडे आलं. गठ्ठा चाळताना पुतण्याची चिठ्ठी निघाली. त्याला कधीच लागण झाली नव्हती. मग लेकीची निघाली. तिला होऊन गेली होती. एकटोचबाईनं रक्ताच्या नळ्यांचे क्रमांक अर्जांशी चारदा ताडून पाहिले. अक्षर तिचंच होतं.

मग आठवायचं ते आठवलं. सासूबाई आजारी पडण्याआधी चार दिवस लेक नाक ओढत होती. आईस्क्रीम खाल्लं असशील म्हणून तिनंच तिला दटावलं होतं आणि स्वतःची झोप मोडायला नको म्हणून आजीजवळ झोपवलं होतं. लागण नेमकी केव्हा झाली, हे चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. तेवढ्या फटीतून निसटायचा तिनं दोन दिवस प्रयत्न केला. पण लेकीचं काहीही असो, पुतण्यानं आणलं नव्हतं हे पक्कं होतं, आणि तिथून निसटायला वाट नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती दोन्ही चिठ्ठ्या घेऊन जावेच्या दारात उभी राहिली. जाऊ भांडेल म्हणून पूर्ण तयारीनं गेली होती. जावेनं चिठ्ठ्या वाचल्या, घडी घालून परत दिल्या.

"मला नका सांगू, ताई," ती म्हणाली. "तेव्हा ज्याला सांगितलंत, त्याला सांगा."

पोरगा फरशीवर खेळण्यातल्या गाड्या रांगेत लावत होता. ती त्याच्यासमोर बसली.

"तू नव्हतं आणलंस रे ते," ती म्हणाली. "काकूचं चुकलं."

त्यानं आजीकडे येऊ का, एवढंच विचारलं.

त्याच संध्याकाळी तो आला. सासूबाईंनी अंथरुणातूनच हात पसरले. पोरगा उंबऱ्यापाशी थबकला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. एकटोचबाई त्याचे हात काढायला वाकली, तर त्यानं ते आणखी घट्ट दाबले.