बाईले उंदीर नोको होता

बाई गेली हे मले भाजीवालीनं सांगतलं. शहापूरच्या हायवेवर बसमधून उतरली अन् बाजूनं ट्रक आला... लोक म्हणत, "एवढा मोठा ट्रक दिसला नाही काय बापा?" नाहीच दिसला. पण हे मलेच माहीत होतं, अन् बोलाची सोय नोहोती.

बाई म्हणजे माही मोठी नणंद. भंडाऱ्याच्या एका हापिसात कंप्युटरवर टाइप करे. मी सातवी शिकलेली, मले त्यातलं काय समजते, पण बाई सांगे, काया पडदा, हिरवे अक्षरं, अन् सारं काम बोटाईत. कंट्रोल दाबून के अन् डी दाबलं का कागद जपून ठेवला. तिचे डोये बाजूनं इझत चालले होते, बारक्या नयीतून पाह्यल्यावानी समोरचं तेवढं दिसे. तरी बोटं चालत, म्हणून हापिसात कोनाले पत्ता नोहोता. "बोललीस तं जीभ उपटीन," मले म्हणे.

माही चिंगी दोन वर्साची झाली तवा बाईनं तिच्या कानाजवळ बोट नाचवलं. पोरीनं मान फिरवली नाही. बाई हासली. "हिले माहेच डोये आले व! पोया लाटणं मंग शिकव, पह्यले टाइपाचा बोर्ड शिकव. अन् खाली पाह्यलं का हातावर चापट. पाहून टाइप केलं तं डोये गेल्यावर काय करन?" मले असा राग आला... पोरीले उचललं अन् न्हानीत जाऊन रडली.

मंग हापिसात नवं मशीन आलं, चित्राचं. तारेले बांधलेला उंदीर फिरवाचा, पडद्यावर इवलासा बाण पये, तो चित्रावर नेऊन टिचकी माराची. बाई म्हणे, "साहेब, उंदरासाठी मांजर ठेवा, मले बोटं आहेत." सारे हासत. हासण्यावरच काही दिवस निभलं. मंग एक दिवस सायबानं तिले साऱ्याईसमोर बसवलं. "बाई, बाण कुठी आहे, तेवढंच दाखवा." बाईनं बोट ठेवलं. बाण दुसऱ्याच कोपऱ्यात. कोनीतरी म्हणलं, "अवो, मांजरच आंधयी हाय!" अन् पुन्हा सारे हासले... तिचीच मस्करी, तिच्यावरच. हे तिनं मले सोता सांगतलं, भाकर मोडता मोडता. दुसऱ्या दिवसापासून तिले लिफाफे चिकटवाले बसवलं. तिकूनच परत येताना ते ट्रकचं झालं.

हापिसातला जुना बोर्ड भंगारात निघाला, तो बाईनं घरी आणला होता. तार तुटलेली. एफ अन् जे वर बारीक उंचवटा आहे, बोटाले लागते. काल दिवेलागणीले चिंगी उंबरठ्याले धडकली. रोजच धडकते. डाक्टर म्हणते, मोठी होऊ द्या, मंग पाहू... मीनं तिले मांडीवर घेतलं, तिचे बोटं त्या उंचवट्यावर ठेवले. पुढचं मलेच येत नाही. पोरगी वाकून बोर्डाकडे पाहून राहिली.

मीनं हातावर चापट मारली. "पाहू नोको."

ती रडाले लागली... मी बोटं सोडले नाही.