चुन्याचे ठिपके

मनीषनगरात आज समोरच्या प्लॉटवर चुन्याने पायाची आखणी सुरू झाली. वास खिडकीतून आत आला आणि मला एका जागी बसवेना. चारदा उठले, चारदा बसले.

मी कॉलेजात होते तेव्हा इथे पडीक रान होतं. शत्रू आला की टिटव्या त्याला अंड्यांपासून कसं दूर नेतात, हा माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट होता. अंडी हुबेहूब खड्यांसारखी, मलाच सापडायची नाहीत. म्हणून प्रत्येक घरट्याशेजारच्या दगडावर मी चुन्याचा ठिपका दिला.

चौथ्या सकाळी पाहते तर एक कावळा एका ठिपक्यावरून सरळ दुसऱ्या ठिपक्याकडे चालत निघालेला. डोक्यावर टिटव्या नुसत्या किंचाळत होत्या. शेजारच्या बांधकामावर राहणाऱ्या सुमनबाई म्हणाल्या, "ठिपके काहून देऊन राहिली होती वं? त्याले तूच तर घर दाखवलं!"

मी धावले. एकाही घरट्यात अंडं उरलं नव्हतं.

प्रबंधात मी लिहिलं, 'कावळे खुणा फार लवकर शिकतात.' सरांनी शेजारी शेरा मारला, 'उत्तम निरीक्षण.' खुणा कोणी केल्या, हे त्यांनी विचारलं नाही. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.