ब्रेक दाबायला दुसरं माणूस

मोटारसायकलचा मागचा ब्रेक एकट्याने नीट बसवता येत नाही, हे मला आई गेली त्या वर्षी कळलं.

गाडी बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या इंजिनियरची. त्याच्या बंगल्यामागे गंजत पडलेली ती मी धुळ्यात आमच्या ओसरीवर आणून ठेवली. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून कुपनावरच मिळायचं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर कामाला. उन्हाळ्यात जिन बंद, त्यामुळे वेळच वेळ, आणि घरात बोलायला कुणी नाही. मग मी गाडीशी बोलायचो. तीही काही कमी हट्टी नव्हती. ढीगभर लाथा खाऊन एकदा कुठे 'हूं' करायची.

डोक्यात एकच होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकट्या बहिणीला पारोळ्याहून घरी आणायचं. आमच्या खान्देशात लेकीची दिवाळी सासरी गेली तर एकवेळ खपून जातं, आखाजी गेलेली खपत नाही. त्यात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आणि आईच्या नावाची ही पहिलीच घागर होती. ती मला एकट्याने भरायची नव्हती. मुऱ्हाळी म्हणून तिला आणायला मीच जाणार होतो, आणि असा जाणार होतो की सगळ्या गल्लीने दारात येऊन बघावं. म्हातारी गेली तरी पोरीचं माहेर शाबूत आहे, हे लोकांना दिसायला हवं होतं. दारच्या निंबाला मी तिच्यासाठी आखाजीचा झोकासुद्धा बांधून ठेवला होता.

इंजिन सुरू झालं. ब्रेकने मात्र माझा जीव खाल्ला. मागच्या चाकाच्या डब्यात दोन वाकडे शू असतात. पायाने पेडल दाबलं की ते फाकतात आणि डब्याला आतून धरतात. त्यांचे झिजलेले पट्टे काढून मी नवे ठोकले. स्प्रिंगा ताणून बसवताना अंगठा सोलवटला. पट्ट्यांना तेलाचा हात लागू द्यायचा नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या इंजिनवाल्याला जड गेली, कारण फिरेल त्याला तेल पाजायचं, एवढंच आम्ही शिकलेलो. तेही जमलं. शेवटी राहिला चाकाचा नट. तो आवळताना पेडल दाबून धरावं लागतं, म्हणजे दोन्ही शू डब्याला सारखे टेकून मधोमध बसतात. नाहीतर एक घासत राहतो आणि दुसरा नुसता शोभेला. नट मागे, पेडल पुढे, आणि पान्याला दोन्ही हात लागायचे. माझा पाय काही तिथवर पोचेना.

शेजारच्या आबांना हाक मारता आली असती. पण पेडलवर पाय ठेवायच्या आधी आबा माझ्या लग्नाचा विषय काढणार, हे ठरलेलं. "लगीन करी टाक रे भाऊ," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. म्हणून मी आईचा वरवंटा आणला आणि सुतळीने पेडलला बांधला. नट आवळत आणला, आणि शेवटच्या ओढीला वरवंटा सरकून लोंबायला लागला. चालतंय, म्हटलं. एकट्या माणसाला 'चालतंय' म्हणायची सवय फार लवकर लागते.

पारोळ्याला बहिणीची गल्ली उताराची. तिचे सासरे ओट्यावर बसलेले. मी ऐटीत दारापाशी ब्रेक दाबला. गाडी दारावरून पुढे गेली, सासऱ्यांसमोरूनही पुढे गेली आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत शिरून थांबली. गल्ली दारात आली खरी, पण पोट धरून हसायला.

सासरे उठून आले. माझ्या खांद्यावरचा कडबा झटकत म्हणाले, "भाऊ, चालस ते बठ्ठंच. थांबस का?"

चालायला काय, सगळंच चालतं; थांबतं का, एवढंच ते विचारत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने म्हटलं, "गाडी इथेच ठेवतो. बहिणीला सर्व्हिस मोटारच्या बसने नेतो."

त्यांनी चाकात अडकलेली कडब्याची काडी ओढून काढली. मग हळूच म्हणाले, "गाडीनं काही नही, भाऊ. तुमना घर बाई मानूस कोन शे? माय नही, मंग माहेर कसानं?"

ते वाईट माणूस नव्हते. आवाजात कुचकेपणा असता तर मी भांडलो असतो, पण तो नव्हता, म्हणून काहीच करता आलं नाही. आत दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. "जेवी ल्या," सासरे म्हणाले, "आनि तो ब्रेक नीट करी ल्या. एकला जानार शेतस तुम्ही."

जेवण उरकलं. नंतर अंगणात मी नट ढिला केला. डोक्यावर पदर घेऊन बहीण बाहेर आली. आईसारखीच ती काही न विचारता कामाला लागायची.

"भाऊ, कोठे दाबू?"

मी पेडल दाखवलं. तिने त्यावर आपला अनवाणी पाय ठेवला आणि सगळा भार दिला. मी पाना ओढला. नट सरळ, गुमान बसत गेला. दोन्ही शू डब्याला टेकल्याचं पान्यातून हाताला कळलं. वरवंट्याने दिवसभर जे केलं नव्हतं ते तिच्या पायाने क्षणात केलं.

"झालं," मी म्हटलं. "काढ पाय."

तिने पाय काढला नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती, खाली पेडलकडे बघत होती. ब्रेक दाबलेला आहे तोवर गाडी जागची हलत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मीही पाना नटावरून काढला नाही. बसलेल्या नटावर उगाच धरून राहिलो.

मग आतून सासूबाईंनी हाक मारली, आणि तिने पाय उचलला.

ब्रेक अगदी बरोबर बसला होता.