कच्ची खळ

आबा खळीच्या भांड्यात बोट बुडवायचे, अंगठ्यावर चोळायचे आणि मान हलवून म्हणायचे, "कच्ची हाय. उद्या बगू."

तुम्ही घोंगडी पांघरली असेल, पण विणताना पाहिली नसेल, म्हणून सांगतो. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवले की खळ होते. ती ताणलेल्या लोकरीच्या दोऱ्यांना लावली की दोरा तुटत नाही. एका दिवसाचं काम. पण आबांनी ती आठ दिवस कच्ची ठेवली, आणि तेही आम्हा दोघा भावांसाठी.

आबा आमच्या शेजारी राहायचे, युसूफ वडगाव या गावात. निजामाचं राज्य होतं. त्या वर्षी प्लेग आला आणि सगळं गाव शिवारात झोपड्या घालून राहिलं. मी दहा वर्षांचा, आणि अक्कल त्याहून कमी. घरी बांधलेलीच राहिलेली शेळी आठवली म्हणून गुपचूप बंद गावात शिरलो. मला शोधायला बाप आला. मला काही झालं नाही. बाप चौथ्या दिवशी गेला, त्याच्यामागोमाग आई.

थोरला चौदाचा. तो माझ्याशी बोलेनासा झाला. कधी काठीनं मारायचाही. मामाकडे माजलगावला निघून जायचं त्यानं ठरवलं, एकट्यानंच. माझं काय, हे त्यानं कुणाला विचारलं नाही.

बापानं आबांकडे कोकरांची पहिली लोकर विणायला दिली होती. तिला जावळ म्हणतात, फार मऊ. ती घोंगडी घेऊनच जायचं, असं थोरल्याच्या मनात होतं. आबांनी त्याला सांगितलं की ताणा, म्हणजे ते ताणलेले दोरे, धरायला दोघं लागतात, धाकट्याला घेऊन ये. मग रोज सकाळी आम्ही दोन टोकं धरून उभे. आबा बोट बुडवायचे, मान हलवायचे आणि ताणा गुंडाळून ठेवायचे. वर भाकरी खायला बसवायचे, दोघांना एकाच ताटात, का तर म्हणे घरात दुसरं ताट नाही. भिंतीला टेकलेली तीन ताटं आम्हाला दिसत होती.

आठव्या दिवशी थोरल्यानं टोक टाकून दिलं. "यानं बाप खाल्ला, आबा. याच्यासंग मी न्हाई धरनार."

आबा रागावले नाहीत. खाली बसले.

"माझी लेक कशापायी गेली, ठावं हाय का तुला? ऱ्हायलेली लोकर आणाय मीच तिला गावात धाडलंतं. हे तर लेकरू हाय. मी जानता होतो. बोलायचं तर मला बोल."

आबांची मुलगी प्लेगनं गेली हे गावाला माहीत होतं. हे कुणालाच माहीत नव्हतं.  थोरल्यानं वाकून टोक उचललं. त्या दिवशी खळ पक्की निघाली.

थोरला माजलगावला गेला नाही. आबांनी आम्हा दोघांनाही मागावर बसवलं, हाताला काम आणि डोक्यावर छप्पर दिलं. आम्ही भाऊ भाऊ राहिलो ते त्या माणसामुळे.

आबा गेले तेव्हा त्यांच्या घरचं कुणी उरलं नव्हतं. प्रेतापुढे मडकं धरायचा मान थोरल्याचा. मी मागे उभा होतो. त्यानं मला पुढे बोलावलं आणि मडकं माझ्या हातात दिलं.

"तू धर," म्हणाला. "बापाच्या टायमाला मी तुला जवळ येऊ दिलं न्हवतं."