फुकटच्या उन्हाचा संशय

किस्से कुणी गोळा करत नाही, ते साठतात. माझ्या फिटिंगच्या पिशवीच्या तळाशी जसे वायसर, उरलेली टेप आणि कुणाच्या तरी घरचा एखादा उपरा नट साठायचा, तसे. हवा तेव्हा नट कधी सापडला नाही. किस्से मात्र हात घातला की आपोआप वर येतात.

दोन हजार चारच्या सुमारास मी कुडाळची नोकरी सोडली आणि सावंतवाडीत सोलरचं दुकान काढलं. गरम पाण्याचे पॅनल आणि दिव्याचे पॅनल, दोन्ही विकायचो. भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी लाइट गेली की जेवण होईपर्यंत यायची नाही. मला वाटलं, आता दुकानासमोर रांग लागेल.

लोक आले, बाकड्यावर बसले, माझा चहा प्यायले आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "ह्यात तुझो फायदो काय?"

मी किंमत सांगायचो. गरम पाण्याचा सेट एकवीस हजार, विजेच्या बिलात वाचतील त्यातून चार वर्षांत वसूल. मग दुसरा प्रश्न यायचा, "आणि पाचव्या वर्साक काय होता?"

"पाचव्या वर्षापासून पाणी फुकट."

हा शब्द तोंडातून गेला की गिऱ्हाईक चपला शोधायला लागायचं. आमच्याकडे महाग वस्तू माणूस घासाघीस करून घेईल. फुकट म्हटलं की तो घरी जाऊन दाराला आतून कडी लावतो.

माझा फिटर बाळा मेस्त्री हे सगळं कोपऱ्यात बसून ऐकायचा. एक दिवस तो म्हणाला, "विलासशेट, फुकट म्हणा नुको. पाचव्या वर्सापासून थोडो मेंटेनन्स लागतलो म्हणून सांगा. खर्च आसा म्हटल्यार लोकांका बरा वाटता." त्या आठवड्यात दोन सेट गेले.

*

पण खरं दुकान चालायचं की बुडायचं, ते आमच्या आळीतल्या दाजींवर होतं. दाजी ट्रेझरीतून रिटायर झालेले. उभा जन्म दुसऱ्याच्या बिलात चूक शोधण्यात गेला आणि चूक सापडली नाही तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. आळीत कुणी साधा कुकर घेतला तरी आधी दाजींना दाखवायचा. त्यांनी पॅनल बसवला तर आळी बसवणार. त्यांनी मान हलवली तर मी परत कुडाळला हातापाया पडायला जाणार. हे मला स्वच्छ कळत होतं.

दाजी आठ दिवस रोज आले आणि सगळं ऐकून गेले. नवव्या दिवशी म्हणाले, "कागद-बिगद नको. देवळात चल. नारळ ठेव."

आमच्याकडे स्टॅम्पपेपरवरचा करार माणूस मोडू शकतो. ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला मोठ्याने सगळी हकीकत सांगितली. "बा देवा महाराजा, आज ह्यो विलास तुझ्या पायाकडे उभो रवान सांगता की दाजींचा लायटीचा बिल वर्साभरात उतरतला. उतराक नाय, तर हयसरच चार लोकांत उभो रवान 'मी फसवलंय' म्हणान सांगात आणि पॅनल काढून न्हेत रे महाराजा!" जमलेले दहा-बारा जण एका सुरात म्हणाले, "व्हय महाराजा!"

बाहेर आल्यावर बाळा म्हणाला, "कागदार सही केल्ली आसती तर वकील तरी करूक येयत होतो. हयसर वकील खंयसून हाडतलास?"

दुसऱ्या दिवशी पॅनल बसवायला गेलो. दाजींचं घर कौलारू, न्हाणीवर तेवढा स्लॅब. दाजी आधीच शिडी लावून आमच्या वाटेवरची कौलं मोजत होते. काम झाल्यावर त्यांनी ती परत मोजली. न्हाणीत काकींचा, म्हणजे दाजींच्या बायकोचा, तांब्याचा हंडा चुलीवर धडधडत होता. त्या म्हणाल्या, "तुमका काय करूचा ता करा. माझो हंडो हलवूचो नाय. माका चुलीचाच पाणी लागता." दाजींची आंघोळ मात्र विजेच्या रॉडने तापवलेल्या बादलीची असायची. तीच बादली आता वाचणार होती. एका बादलीवर माझी अब्रू टांगलेली होती.

*

दाजींचं वर्ष चालू असतानाच बाकीची कामं येत होती. रेडीला सुभद्रामावशी होती, मासे विकणारी. नवरा होडीवर. तिने धीर करून दिव्याचा छोटा पॅनल घेतला. अंगणात पाइप रोवला आणि धूळ पुसायला हात पोचेल एवढ्या उंचीवर पॅनल बसवून दिला. महिन्याभरात निरोप आला, "तुझो दिवो धा मिंटां पेटता आणि डोळे मिटता. पैशे परत हाड."

धावत गेलो. मनात बॅटरीपासून कंपनीपर्यंत सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या होत्या. अंगणात पाऊल टाकलं आणि बघतो तर पॅनलवर काच म्हणून दिसत नव्हती. वरपासून खालपर्यंत खारवलेले बांगडे ओळीने वाळत घातले होते.

मी म्हटलं, "मावशी, हे काय?"

ती शांतपणे म्हणाली, "तूच सांगलंस मा, ह्या घरात सगळ्यात जास्त ऊन हयसर पडता म्हणान?"

मी सांगितलं होतं, ते खरं होतं. परत येताना तिने त्यातले चार बांगडे बांधून दिले. बाळाने एसटीत पिशवीचा वास घेतला आणि म्हणाला, "वाळले मात्र बेस आसत."

*

एका गृहस्थांचं नाव सांगत नाही, कारण त्यांना तीच भीती होती. घर हमरस्त्यावर. पॅनल हवा होता, पण रस्त्यावरून दिसायला नको होता. दिसला की लोकांना वाटणार, ह्याच्याकडे पैसे आले. मग वर्गणीवाले येणार, मग बहिणी येणार.

"विलास, वर माडाची झावळां टाकून झाकलो तर?"

मी म्हटलं, "झाकला तर ऊन कसं लागणार?"

त्यांनी बराच विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मगे काळोख पडल्यार उघडून ठेवतंय."

*

जामसंड्याची गोष्ट मात्र माझ्या धंद्याला धार्जिणी निघाली. तिथे एका आंब्याच्या बागायतदाराकडे पॅनल लावला. पॅनलचं तोंड दक्षिणेला करावं लागतं, आपल्याकडे ऊन तिकडून जास्त मिळतं. दक्षिणेला त्यांच्या सख्ख्या भावाचं घर. दोघांत बोलणं बंद.

आठ दिवसांनी तो भाऊ सावंतवाडीला माझ्या दुकानात. बसला नाही, चहा घेतला नाही. "माझ्या घराकडे तोंड करून ती काळी काच कित्याक लावलंस? तेणी सांगलेला काय?"

मी सूर्य, दिशा, कोन, सगळं समजावलं. कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने चित्र नीट बघितलं, घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, "माझ्या घरावर लावलंस तर तोंड खंय येतला?"

"दक्षिणेलाच."

"म्हणजे थोरल्याकडे नाय?"

"नाही. पलीकडच्या तुमच्या चुलतभावाकडे."

"मगे लाव एक," तो म्हणाला आणि तिथल्या तिथे ॲडव्हान्स मोजला.

पंधरा दिवसांत चुलतभाऊ आला. त्याच्या घरावरही लावला. त्याच्या दक्षिणेला खाडी आहे. खाडी नसती तर मी असाच एकेक घर करत वेंगुर्ल्यापर्यंत पोचलो असतो.

*

इकडे दाजींचं बिल काही उतरत नव्हतं. पहिलं बिल आलं, जैसे थे. दुसरं आलं, तेवढंच. दाजी बिल घेऊन दुकानात यायचे, माझ्या टेबलावर उलगडून ठेवायचे, मी बघितलं की घडी घालून निघून जायचे. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी चार वेळा त्यांच्या घरी जाऊन आलो. सोलरचा नळ सोडला की पाण्याचा चटका बसायचा. "पाणी तापता मा दाजीनू?" मी विचारायचो. "तापता. तापत नाय म्हणान मी खंय म्हणतंय?" ते म्हणायचे. मग वीज जात होती कुठे? मीटर तपासून घेतला, ठीक निघाला. शेजाऱ्याने तार टाकली असेल म्हणून मी आणि बाळा कंपाउंडच्या कडेने वाकून वाकून फिरलो. शेजारी दारात येऊन विचारू लागला, काय हरवलं? आळीत कुजबुज सुरू झाली. दोघांनी दिलेली ऑर्डर थांबवली. एकदा तर मला बाळाचाच संशय आला, त्याने पाइप उलटा जोडला की काय. बाळाला ते कळलं आणि दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी लोकांच्या संशयाला हसायचो, आता माझाही डोळा तसाच झाला होता.

वर्ष भरलं. बिल एका पैशाने उतरलं नाही.

ठरल्या दिवशी देवळात गेलो. ह्या खेपेला पन्नासेक माणसं होती. आमच्याकडे कुणाचं बरं होतंय ते बघायला एवढे लोक जमत नाहीत. बायकोने घरातून निघताना एवढंच म्हटलं होतं, "मान खाली घालू नकोस. तू लबाडी केली नाहीस." पण मान आपोआप खाली जात होती.

दाजी धोतर नेसून आले होते. एका हातात स्वतःच्या परसातला सोललेला नारळ, दुसऱ्या हातात वही. मागे काकी. गुरव म्हणाला, "दाजीनू, देवाक सगळा सांगूक व्हया. वाचा."

दाजींनी चष्मा लावला आणि ट्रेझरीतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "तारीख पहिली. सोलरची बादली, एक. तापमान बरोबर. रॉडची बादली, एक. तापमान तितकेच. रॉडला लागलेली वीज, मीटरप्रमाणे. सबब सोलरमुळे वाचलेली वीज, तितकीच. तारीख दुसरी. सोलरची बादली, एक. रॉडची बादली, एक..."

बाळा मेस्त्री माझ्यामागे उभा होता. तो हळूच पुढे आला. "दाजीनू, रॉड रोज लावतास?"

"रोज. खाडो नाय."

"कित्याक?"

दाजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "लावल्याशिवाय कळतला कसा किती वाचली ती?"

मग मागून कुणीतरी फसकन हसलं आणि सगळं देऊळ हसायला लागलं. मला हसू येईना. वर्षभराचं ओझं उतरलं की माणसाला आधी रडायलाच येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दाजी बिलकूल हसले नाहीत. "हसतास कित्याक? तपासणी नको?"

तेव्हा वर्षभर गप्प असलेल्या काकी बोलल्या. "आणि न्हातत खंयच्या पाण्यान, ता इचारा."

गुरवाने विचारलं, "खंयच्या?"

"रॉडच्या," दाजी म्हणाले.

"आणि सोलरचा पाणी?"

दाजींनी वही मिटली. "ता निवत ठेवतंय आणि परसातल्या माडाक घालतंय. आगीशिवाय तापलेला पाणी. आंगार घेवचा म्हणजे आधी बघूक नको? वरीस झाला. माड मरूक नाय. नारळ पण बरे धरल्यान." त्यांनी हातातला नारळ वर करून दाखवला. "ह्यो तेचोच."

गुरवाने देवासमोर हात जोडले. "बा देवा महाराजा, पॅनलाची लबाडी नाय, विलासाची लबाडी नाय. आता उद्यापासून दाजींका त्या पाण्यान न्हावची बुद्धी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" पन्नास जण ओरडले, आणि त्यात काकींचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

गुरवाने दाजींचा तोच नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि प्रसादाचं ताट मानाने आधी दाजींपुढे धरलं. दाजींनी एक तुकडा उचलला, नीट उलटासुलटा करून बघितला आणि माझ्या हातावर ठेवला.

"पयलो तू खा," ते म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.