घंगाळातलं कासव

कासव दूध पीत नाही. हे मला विसाव्या वर्षी कळलं, आणि तेही तीन आठवडे वाटी वाटी दूध नासवल्यावर.

मी जव्हारची. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. संस्थान विलीन झालं त्या दिवशी ते नेहमीसारखे सकाळी गेले, संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, "खुर्ची तीच आहे, साहेब बदलला." आमच्या घरात विलीनीकरण एवढ्यावर आटोपलं. मला ते भोवलं चार-पाच वर्षांनी. नव्या सरकारनं डोंगरातल्या पाड्यांवर शाळा काढल्या, त्यांतल्या एकीवर आमच्या ह्यांची नेमणूक झाली, आणि लग्नात मिळालेल्या भांड्यांसकट मी सूर्यमाळ डोंगराच्या अंगाला एका पाड्यावर येऊन पडले. कुडाची शाळा, तिला लागून कुडाच्याच दोन खोल्या. बोलायला माणूस नाही. हे दिवसभर शाळेत, आणि शाळा सुटली की पोथीत.

आमच्याकडे पाणी भरायला पाड्यावरची एक बाई यायची. त्या बदल्यात आम्ही तिला तांदूळ देत असू. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, तीन लेकरांची आई, आणि जीभ अशी की मास्तरांनाही सोडायची नाही. तिच्या नवऱ्याला जंगलखात्याकडे अर्ज करायचा होता, तो ह्यांनी लिहून दिला. दिवाळीनंतरची गोष्ट. चार दिवसांनी तो दारात उभा. हातात टोपली, वर सागाचं पान. "मास्तर, तुमच्यासाठी आणलाय," एवढंच म्हणाला आणि टोपली ठेवून गेला. पान काढलं तर आत कासव. दीड वितीचं, पाठ काळी, पोट पिवळट, डोकं आत ओढलेलं.

नेमकी एकादशी होती. ह्यांनी हातच जोडले. "कूर्मावतार आहे. आपण होऊन घरी आलाय. परत पाठवायचा नाही."

"आणि ठेवायचा कुठे?" मी विचारलं.

ह्यांची नजर माझ्या घंगाळावर गेली. माझ्या माहेरचं पितळी घंगाळ! मी दोन दिवस अबोला धरला. पण घंगाळ गेलं ते गेलंच. त्यात पाणी घालून देवाची स्थापना झाली. नैवेद्याला दूध-भात, तोही काठाबाहेर ताटलीत. कासवाला बाहेर काढून ताटलीसमोर बसवायचं आणि आपण लांब उभं राहायचं. ते ढिम्म. पंधरा दिवसांनी पुन्हा एकादशी आली, तेव्हा त्याला वरीचे तांदूळ वाढले. हो, त्यालाही उपास! आज सांगताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पाणी भरणारी बाई मधे माहेरी गेली होती. ती परत आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं विचारलं, "बाई, कसा लागला?"

"काय कसं लागलं?"

"कासव. कालवण केलात का भाजलात?"

मी तिला मागच्या पडवीत नेलं आणि घंगाळ दाखवलं. तिनं डोक्यावरचा हंडा उतरवला, खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "आगं बाय माझे! खायाला दिला नं तुमी तेला आंघोळ घालताव!"

मग हसू आवरून तिनं ते उचललं, उलटं केलं, पोटाला बोट लावून पाहिलं. कवच कडेला मऊ पडलं होतं, पाठीवर पांढरट बुरा धरला होता. "मरंल यो," ती म्हणाली. "यो काय दूधभात खाणारा हाय? तेला खेकडा पायजे, गोगलगाय पायजे. नं पाण्यात टाका, पाण्याभायेर तो गिळत नाय. नं ऊन कोण दाखवंल? सावलीत सडला तो."

मरेल म्हटल्यावर मी ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं. स्वतःचंच आश्चर्य वाटलं. इतके दिवस मी त्याला 'मेल्या' म्हणूनच हाक मारत होते. पण खरं सांगायचं तर त्या घरात मी दिवसभर बोलायचे ती त्याच्याशीच. ते गेलं असतं तर मी त्या डोंगरावर राहिलेच नसते, बोचकं बांधून जव्हार गाठलं असतं.

त्या दिवसापासून बाईनं ओढ्यातून आणलेले खेकडे मी पडवीमागे दगडावर दगड ठेवून फोडू लागले. जिनं जन्मात अंडं फोडलं नाही, ती मी! पहिल्या दिवशी ओकले. आठव्या दिवशी नांगी कुठून तुटते ते मला नीट ठाऊक झालं होतं. घंगाळात एक चपटा धोंडा ठेवला, अर्धा पाण्यावर येईल असा. घंगाळ सकाळी उन्हात ओढायचं आणि पितळ तापायच्या आत पुन्हा सावलीला घ्यायचं. कासव धोंड्यावर चढून मान लांब करून बसायचं. महिन्याभरात कवच टणक झालं, बुरा गेला. मी खेकडा घेऊन आले की घंगाळाच्या काठाशी येऊन थांबायचं. ह्यांना एक दिवस वास आला. पडवीत आले, पाहिलं आणि म्हणाले, "मत्स्यानं आणि वराहानं काय खाल्लं असेल, ते आपण कुठे विचारतो," आणि आत जाऊन पोथी उघडून बसले. एकादशीचा उपास मात्र त्यांनी त्याला सोडवला नाही. मी लपून खायला घालायचे.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! शिमगा झाला आणि ओढे आटले. खेकडे संपले, तशी मी मोखाड्याच्या बाजारातून सुकट मागवली. तिचं मीठ काढायला पाणी लागे. खाल्लं की घंगाळ घाण, की पुन्हा पाणी. मग मी युक्ती काढली: जेवायला वेगळी परात. परातीत दोन तांबे पाणी, त्यात खाऊन झालं की कासव परत घंगाळात. तरी चार दिवसांनी घंगाळ बदलावंच लागे. बाई एका हंड्याचे दोन हंडे आणू लागली. वरून मी तिच्यावरच करवादायची. पाणी गढूळ का, आज उशीर का, हंडा अर्धाच का. ती म्हणायची, "देव तुमचा, नं घाम माझा," आणि हसून जायची. मलाही ते गमतीचंच वाटे.

वैशाखात ती तीन दिवस आली नाही. रांजणातल्या पाण्यावर आम्ही भागवलं. मला वाटलं, रुसली. चौथ्या दिवशी घंगाळात चार बोटं हिरवं पाणी उरलं, कासव धोंड्याखाली तोंड खुपसून बसलं. चिडून मीच हंडा उचलला आणि दरीत उतरले. बाई जिथून पाणी आणायची तो झिरा मी कधी पाहिलाच नव्हता, सहा महिन्यांत एकदाही. उतरायलाच पाऊण तास लागला. खाली खडकात हातभर खड्डा, त्यात पाझरून येणारं पाणी. एक बाई करवंटीनं ते हंड्यात भरत होती. एक करवंटी काढली की खड्डा पुन्हा भरेपर्यंत बसून राहायचं. मागे वीसेक हंडे रांगेत, आणि बाया पहाटेपासून आलेल्या.

मला पाहून त्या एकमेकींशी काही बोलल्या. एका म्हातारीनं माझा हंडा घेतला आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला.

"अहो, मी थांबते ना," मी म्हटलं.

"तुमच्या कासवाला पायजे नं? भरा, बाई. तो मरंल."

अख्ख्या पाड्याला ठाऊक होतं. कुणी टोमणा मारला नाही, कुणी हसलंही नाही. आणि मी काय केलं? भरला. वीस बायांच्या देखत, त्यांच्या आधी, करवंटी करवंटीनं हंडा भरला आणि वर आले. त्या तासाभराची लाज मला आजही वाटते.

घरी आल्यावर ते पाणी घंगाळात ओतायला हात होईना. कासव पदरात घेतलं आणि बाईच्या झोपडीवर गेले. ती दारातच बसली होती. पाय सुजलेला, वर पाला बांधलेला. हंडा घेऊन उतरताना घसरली होती. मी कासव तिच्यापुढे ठेवलं. सांगताना रडू फुटलं, ते मी आवरलं नाही. "तुमचंच होतं हे. चुकलं आमचं. तुम्ही घ्या आणि... काय करायचं ते करा."

तिला कळलं. तिनं कासवाच्या पाठीवरून तळवा फिरवला, मग वर पाहिलं. तिला असं रागावलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"पयल्या दिशी खाल्ला असता, बाई. आता कसा खाऊ? अख्खा उन्हाळा पाणी वाह्यलं मी याचं. माझ्या पोरांना नाय एवढं वाह्यलं."

मागे दारात तिची तिन्ही पोरं उभी होती. मी खाली बघत कासव उचललं.