सैलमावशीने शिवलेला घट्ट कपडा

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळे सैलमावशी म्हणत. ती स्वतः चांगली काटक होती. नाव पडलं ते तिनं शिवलेल्या कपड्यांवरून. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे गणवेश तिच्या मशीनवरून आलेले असत. बाह्या बोटांपर्यंत, चड्ड्या गुडघ्यांखाली. आयांनी कुरकुर केली की म्हणायची, "वाढतं अंग आहे. पुढच्या वर्षी मलाच आशीर्वाद द्याल." आणि त्या देतही.

तिचा भाचा प्राणिसंग्रहालयात पेंग्विन सांभाळायचा. एका दुपारी तो आला आणि तोंड पाडून स्टुलावर बसून राहिला. त्याच्याकडच्या एका म्हाताऱ्या पेंग्विनची जुनी पिसं गळली होती आणि नवी येईनात. छाती-पाठ उघडी पडलेली. थंड पाण्यात उतरला की काकडायचा, म्हणून काठावरच उभा राहायचा. बाकीचे त्याला टोचायला लागले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पिसं येतील उशिरा. पण तोवर हा पोहला नाही, तर जगायचा नाही.

"मावशी, त्याला कपडा शिवशील?"

मावशीनं चष्मा कपाळावर ढकलला. "शिवते की. खिसा कुठे हवाय त्याला?"

थट्टा केली खरी, पण टेप घेऊन ती त्याच पावली निघाली.

पाणबुडे घालतात तसलं रबरी कापड भाच्यानं आणून दिलं. पाठ काळी आणि पोट पांढरंच हवं, हा त्याचा हट्ट. पोहताना वरून पाहणाऱ्याला पाठ काळ्या पाण्यात दिसत नाही, खालून पाहणाऱ्याला पोट उजेडात दिसत नाही, असं त्यानं समजावलं. मावशीनं पंखांना भोकं ठेवली, पाठीवर वेल्क्रो लावला. पेंग्विन पाण्यात उतरला. उतरल्या उतरल्या कपड्यात पाणी शिरलं, पोट फुग्यासारखं फुगलं आणि बिचारा कुशीवर कलंडला. भाच्यानं बाहेर काढला तेव्हा लटलट कापत होता.

"अगं मावशी, आत अजून एक पेंग्विन मावेल!"

"वाढत्या अंगाचं शिवलं रे," ती कसनुशी होऊन म्हणाली.

"म्हातारा आहे तो! आता कुठे वाढतोय?"

मग त्यानं नुकतीच पाण्यातून आलेली एक मादी तिच्यासमोर धरली. "बोट घालून बघ."

पिसं आखूड, ताठ, कौलांसारखी एकावर एक बसलेली. शेपटीजवळचं तेल ती चोचीनं अंगभर चोपडते, त्यामुळे पाणी वरच्यावर ओघळत होतं. मावशीनं पिसं फाकवून बोट आत नेलं. खाली मऊ लव, आणि लवेत धरून ठेवलेली ऊब.

"अगं बाई, आत कोरडं ठणठणीत! कुठे सुतभर सैल नाही." तिनं पिसं पुन्हा नीट बसवली. "हिचा शिंपी माझ्यापेक्षा हुशार आहे हो."

दुकानात येऊन तिनं कपडा उसवला. सबंध आयुष्य कापडात वाढीव माया ठेवून कापणारी बाई. या वेळी कात्री फिरवताना तिचा हात अडखळताना मी पाहिला. गळा आवळला, बगला आवळल्या. घालताना म्हातारा तिला करकचून चावला. "चाव बाबा," ती म्हणाली, "पण पोह."

त्या दिवशी मीही काठावर होते. म्हातारा डुलत डुलत कडेपर्यंत आला, थबकला, पाण्याकडे बघत राहिला. आणि पडला म्हणता म्हणता सुळकन निघून गेला! जमिनीवर तो थकला-भागला म्हातारा, पाण्याखाली नुसतं पाखरू. पंखांनी पाणी कापत गेला, वळला, इतरांच्या घोळक्यात मिसळला. कुणी टोचलं नाही. भाचा ओल्या फरशीवर नाचला आणि आपटला. तरी हसतच होता.

पुढे काही आठवड्यांनी तो धावतच दुकानात आला. "मावशी, वेल्क्रो लागत नाहीये! आतून पिसं आलीत, दाट!"

मावशीनं मशीन थांबवलं आणि दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंत का? माझा कपडा लहान झाला! म्हातारा वाढला!"